आज काय गावला?

मालवणच्या मासळीबाजारात पहिल्यांदा एकटा गेलो तेव्हा माझ्या खिशात यादी होती. सुरमई एक, कोळंबी अर्धा किलो. डिसेंबरचे दिवस. मुंबईहून आलेले दोन मित्र आजोळच्या ओसरीवर बसलेले आणि त्यांना ‘अस्सल मालवणी’ जेवू घालण्याचा विडा मी उचललेला. पाटीमागच्या बाईला विचारलं, "मावशी, सुरमई आहे का?" तिने मानही वर केली नाही. "सुरमय? तीन दिस वारो असा. खंयची सुरमय?" मग पाटीवरचं ओलं फडकं बाजूला सारून म्हणाली, "पेडवे गावले, ते हाडलंय. होये तर घे, नाय तर फुडे जा."

मी पुढे गेलो. पुढेही पेडवेच होते. परत मागे आलो तेव्हा ती काही बोलली नाही. एक वाटा पिशवीत ओतला आणि वर चार पेडवे टाकले. ते माझ्या फजितीचे असावेत.

घरी मामीने पिशवी उघडली, तिच्या जोडीला यादीची हकीकत ऐकली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "तू काय हाटेलात इलंस? बाजारात जाताना पिशयी न्हेवची, यादी न्हेवची नाय."

त्या दुपारी मातीच्या तवलीत पेडव्यांचं तिखलं झालं. ओलं खोबरं, सुकी मिरची आणि हळद पाट्यावर वाटलेली, वर चार सोलं, आणि रस उकळायला लागल्यावर नुसती ठेचून टाकलेली तिरफळं. फोडणी नाही, कांदा नाही. पेडव्यात काटे इतके, की मित्रांचं बोलणंच बंद पडलं. जीभ त्या बारीक कामात गुंतली आणि तिरफळाने तिला हळूहळू बधिर झिणझिण आणली. सुरमईची आठवण कुणालाच झाली नाही. झाली असेल तर ती मला. यादी अजून खिशात होती.

तेव्हापासून ‘गावणे’ या शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही. पुस्तकी मराठीत गावतो तो चोर, किंवा हरवलेली किल्ली. मालवणीत मात्र रोख पैसे मोजून घेतलेली मासळीही ‘गावते’. होडीवाल्याला ती समुद्रात गावते, विकणारीला लिलावात गावते, आपल्याला बाजारात गावते. तीन हात बदलले, दोनदा पैसे दिले-घेतले गेले, तरी क्रियापद तेच राहतं. वस्तूची किंमत दिली म्हणून ती आपल्या हुकमावर हजर झाली, असं ही भाषा कधी मानतच नाही. गावली तर गावली.

किनाऱ्यावरच्या खाण्याबद्दल शहरात जे बोललं जातं त्यात हे ‘तर’ गळून पडतं. तिथे कोकण म्हणजे एक भरलेलं ताट: तळलेली तुकडी, सोलकढी, वडे, बाजूला आंबा. बारा महिन्यांची नवलाई एकाच ताटात. प्रत्यक्षात असं ताट त्या घरांत कुठल्याच दिवशी वाढलं जात नाही. ओला काजू असतो तेव्हा तवसं नसतं. कोकमाचे रातांबे पिकतात तेव्हा हळदीचं पान जमिनीतून वर आलेलं नसतं. बांगडा भरात येतो तेव्हा आंब्याला अजून मोहोरही नसतो. जे नाही, त्याचा मिळून तिथला स्वयंपाक झाला आहे.

महिना कुठला, हे मामीच्या आमटीच्या आंबटावरून सांगता येतं. चैत्रात कोळंबीच्या सारात कैरीच्या फोडी पडतात आणि त्या सालीसकट चोखायच्या असतात. पुढे काही दिवस ताज्या रातांब्यांची चैन, तीही रस जांभळालाल होईपर्यंत. पावसात डब्यातली सोलं, नाहीतर ओटंबाची वाळलेली काप. मागच्या दारचं बिंबलाचं झाड मधूनच खोडाला हिरव्या घोसांनी लगडतं, की आठवडाभर सगळं बिंबलात. चिंच असतेच, पण ती घरात शेवटच्या फळीवर. मासा तोच असला तरी चार आंबटांत चार मासे होतात.

तिरफळाचंही तसंच. झाडाच्या खोडाला असे काटे, की चढायला माणूस तयार होत नाही. पाऊस सरता सरता, गणपतीच्या आगेमागे त्याचे हिरवे घोस उतरवतात आणि वाळवून आतली काळी बी टाकून देतात. ठेवायचं ते टरफल. बांगडा, तारली, पेडवे असल्या तेलकट माशालाच तिरफळ. पापलेटात ते घातलेलं मी पाहिलेलं नाही. मामीला कारण विचारलं तर म्हणाली, "तेका सोसाचा नाय." कुणाला सोसणार नाही, पापलेटाला की तिरफळाला, हे तिने सांगितलं नाही.

माघ-फाल्गुनात डोंगरउताराच्या काजूला बोंडं धरतात. कोवळी बी चिरून आतला गर काढायचा तर चीक बोटांची कातडी सोलतो, म्हणून हातांना आधी खोबरेल चोळायचं. एका वेळच्या उसळीला दोन बायकांची अख्खी सकाळ जाते. हे झाड पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आलं, हे आज त्या उसळीकडे बघून कुणालाही खरं वाटणार नाही. मिरचीही त्याच वाटेने आली. इथलं म्हणजे नेमकं किती जुनं, या वादात मामी पडत नाही. जे इथल्या मातीत रुजलं आणि इथल्या महिन्यात पिकलं ते इथलं, एवढा तिचा हिशेब.

आणि मग आगोट.

हा शब्द मला सगळ्या कोकणी शब्दांत जास्त आवडतो. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडचे दिवस, आणि त्या दिवसांत करून ठेवायची बेगमीही. मे महिना पाहुण्यांना आंब्याचा वाटतो. घरच्या बाईला तो आगोटीचा असतो. तिला पुढचे चार महिने दिसत असतात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा त्या चार महिन्यांतच. त्या काळात ऊन नाही, म्हणून वाळवण नाही. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. माशांच्या विणीचा काळ आणि वादळी दर्या, दोन्ही कारणांनी. म्हणून ताजी मासळी नाही. तेव्हा अंगणात जागा मिळेल तिथे काही ना काही पसरलेलं असतं. मिरच्या, चिंच, आंब्याची साठं, मिठाचे बांगडे, सोडे, गोलमा. आठळ्या मातीत लडबडून कोपऱ्यात रचलेल्या. कुळीथ भाजून दळून डब्यात. गोव्यात याच दिवसांतल्या बेगमीला पुरूमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांचा, भीती पावसाची. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला लागून त्याची फेरीच भरते आणि लोक मिरच्या, सुकी मासळी, उकडे तांदूळ वर्षाच्या हिशेबाने नेतात.

या सगळ्यात नाजूक काम सोलांचं. रातांबे फोडून बी आणि गर वेगळा करायचा, त्यात मीठ घालायचं, साली त्या रसात बुडवायच्या आणि उन्हात घालायच्या. वाळल्या की पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. अशी पुटं चढत जातात तसतसा लाल रंग काळा होत जातो. उरलेला खारट रस म्हणजे आगळ, तो बाटल्यांत. बियांचं तेल काढून त्याच्या मुठी वळायच्या. पावसाने भेगाळलेल्या टाचांना तेच मुठेल. फळाचं काहीच वाया जात नाही. मात्र शेवटचं पूट वाळायच्या आत पाऊस आला तर सगळंच वाया जातं.

२०२५ साली तो तसाच आला. मोसमी पाऊस २६ मेला मुंबईत पोचला तेव्हा कोकण त्याच्याही आधी भिजलं होतं. मामीच्या अंगणातली सोलं दोन पुटांवर होती. ती उचलून माजघरात आणली, चुलीच्या वर टांगली, पंख्याखाली पसरली. आठवड्यात त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली. तिने ती माडाच्या अळ्यात टाकली आणि त्या वर्षी चुलत जावेकडून पसाभर मागून आणली. तिची तक्रार पावसाबद्दल नव्हती. "माजाच चुकला," म्हणाली. "पयलो वळीव इलो तेव्हाच कळाक होया होता." पंचांगाने, वेधशाळेने आणि समुद्राने एकदम दगा दिला तरी चूक स्वतःकडे घेणारी ही माणसं. मला ते पुरतं पटत नाही. ऋतूच आपली तारीख पाळीनासा झाला तर ऋतूप्रमाणे खाणाऱ्याने काय करायचं, याचं उत्तर तिच्या वेळच्या कुठल्याही म्हणीत नाही.

जुलैत कोकणात जाणारे थोडे, आणि खाण्यासाठी जाणारे तर त्याहून थोडे. मला विचाराल तर त्या घराचं खरं जेवण तेव्हाच असतं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, वर खोबरेलाचा थेंब. दुपारी टाकळा. पहिल्या पावसाबरोबर हा रस्त्याच्या कडेने, कुंपणाला, उकिरड्यावर, कुणी न पेरता उगवतो. कोवळा असतो तो फार तर पंधरा-वीस दिवस. नंतर त्याला पिवळी फुलं येतात आणि तो पुन्हा गवत होतो. त्याच्या भाजीत मे महिन्यात मातीत ठेवलेल्या आठळ्या पडतात. फणस संपून महिना झालेला असतो आणि त्याची बी आता टाकळ्याला भेटते. मागच्या ऋतूने पुढच्या ऋतूला ठेवलेला हा वाटा.

रोवणीची अळंबी वारुळाच्या मातीवर उगवतात. कुठल्या वारुळावर, हे ज्याला माहीत तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. आमच्या मामाला दोन जागा ठाऊक होत्या. त्यातली एक त्याच्याबरोबर गेली. दुसरीवर आता घर उभं आहे.

पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासेही यायचे. ओहोळातून, बांधाच्या फटीतून उलटे चढत थेट शेतात. पोरं कंदील घेऊन धावायची. मीही धावलो आहे. मोठेपणी लक्षात आलं की हे मासे अंडी घालायला वर येतात. समुद्रात ज्या कारणासाठी दोन महिने जाळी वर ठेवायची, त्याच कारणासाठी निघालेल्या माशाला आम्ही ओहोळात टोपलीने धरत होतो. म्हणजे जुन्या चालीरीतीत सगळं शहाणपणच होतं, असंही नाही. आता चढणीचे मासे फारसे येत नाहीत आणि कंदीलही नाहीत.

बंदी उठते ती ऑगस्टच्या तोंडावर. पण बहुतेक वर्षी तेव्हा श्रावण लागलेला असतो किंवा लागायच्या बेतात असतो. समुद्र ‘हो’ म्हणतो आणि देव ‘नाही’ म्हणतो. घरात काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. पान उलगडताना येणारी ती गरम हिरवी वाफ वर्षातून जेमतेम दोन-चार वेळा येते. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ सोडतात, त्यानंतर किनाऱ्यावर रापणी लागतात. लांबलचक जाळं होडीने अर्धगोलात सोडायचं आणि दोन्ही टोकं वाळूवरून ओढायची. दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. हल्ली रात्री दर्यात दूरवर मासे ओढून घेणाऱ्या प्रखर दिव्यांची रांग दिसते आणि सकाळी रापणीत पालापाचोळा अधिक येतो. ओढणारे जाळं झटकतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत.

या सगळ्यात पर्यटक कुठे बसतो? मी त्याला दोष देत नाही. मीच यादी घेऊन गेलो होतो. जुलैत त्याला थाळीत सुरमई हवी असते आणि खानावळवाला ती देतोही, कारण बर्फाला ऋतू नसतो. कुठल्या तरी बंदरातली, कधीची तरी ती तुकडी तव्यावर लाल होऊन येते आणि चवीला वाईटही नसते. पण खानावळीच्या मागच्या बाजूला मालकीण स्वतःसाठी काय रांधते ते विचारावं. कुळथाची पिठी आणि भाजलेलं सुकं, असं ती थोडी लाजून सांगेल. ते मागितलं तर मिळेल. मागणारे थोडे.

मामी आता फारशी बाहेर पडत नाही. रविवारी तिचा फोन येतो. प्रकृती, पाऊस, कुणाचं लग्न हे नंतर, पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज काय गावला?" परवाही तिने तेच विचारलं. मी फोनवरूनच मागवलेली सुरमई तेव्हा ओट्यावर होती. साफ केलेली, वजनाला नेमकी, सकाळी दहाला सांगितलेली आणि साडेदहाला दारात. बाहेर धो धो पाऊस होता आणि महिना आषाढाचा. सुरमई म्हणालो असतो तर तिने, "आता खंयसून?" एवढंच विचारलं असतं.

"काय नाय गे," मी म्हणालो. "पिठी केली."

फोन ठेवून डबा उघडला. तिनेच दिलेलं कुळथाचं पीठ तळाशी दोन वाट्या होतं. सुरमई फ्रीजमध्ये ठेवली आणि पाणी आधणाला ठेवलं.