सोनईतले पहिले दोन दिवस

परगावी पोहोचल्यावर पहिले दोन दिवस देहाला द्यावेत आणि मग देवाला, असे मी माझ्या ज्येष्ठ रुग्णांना नेहमी सांगतो. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर वसली आहे. तिथे प्रथमच उतरलेल्या जोडप्याला जिना चढतानाच धाप लागते आणि ते आपोआप विसावते. आपण दोघे नगर जिल्ह्यातील सोनईला उतरलात, तर असा इशारा मिळत नाही. मुलूख सपाट, भाषा आपली, जेवण ओळखीचे. म्हणून सकाळी शनिशिंगणापूर, दुपारी नेवासे, सायंकाळी देवगड असा बेत ठरतो, आणि त्याचा हिशेब शरीर रात्री मागते.

पहिला दिवस सोनईसाठीच ठेवावा. नेवासे तालुक्यातले हे गाव मुळा धरणाच्या कालव्यांवर पोसलेल्या ऊसपट्ट्यात आहे; मुळा सहकारी साखर कारखाना इथलाच. गाळपाच्या हंगामात उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर सतत असतात, म्हणून सकाळ-सायंकाळची फेरी गावातल्या आतल्या वाटांनी घालावी. रसवंती दिसली की मोह होतोच. मधुमेह असेल तर दोन घोटांवर थांबावे.

अंधार पडण्यापूर्वी खोलीतल्या पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत एकदा चालून पाहावे. उंबरा कुठे, दिव्याचे बटण कुठे, फरशी निसरडी आहे का, हे ठाऊक असावे आणि उशाशी विजेरी असावी. अनोळखी खोलीत अपरात्री पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, ही प्रवासातली मोठी आपत्ती होय. सोबतच्या व्यक्तीला स्मृतिभ्रंश असेल तर पहिल्या रात्री ती गोंधळण्याचा संभव अधिक. मंद दिवा चालू ठेवावा, घरचीच चादर अंथरावी आणि ‘आपण सोनईला आलो आहोत’ हे शांतपणे, लागेल तितक्या वेळा सांगावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर शिंगणापूरला निघावे. अंतर थोडे आहे. शनिवार आणि विशेषतः शनी अमावास्या टाळावी, कारण त्या गर्दीत रांगेत फार वेळ उभे राहावे लागते. इथे देवाला गाभारा नाही. उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा ऊनपाऊस झेलत उभी आहे. गावातल्या घरांनाही परंपरेने दारे नसत. पण डॉक्टर म्हणून माझे लक्ष आपल्या तळपायांकडे आहे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना मंदावते. तापलेल्या दगडाचा चटका त्यांना जाणवत नाही आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. जाड सुती मोजे घालावेत. मात्र सांडलेल्या तेलावर ते घसरतात, म्हणून एकमेकांचा हात सोडू नये. रात्री जोडीदाराने तळपाय उजेडात तपासावेत.

उपवास करायचा असेल तर मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन किती घ्यावे, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. उपाशीपोटी घाम सुटला, हात थरथरले किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नये. अशा वेळी, तसेच छातीत दडपण येणे, चेहरा वाकडा होणे किंवा एका अंगातली शक्ती जाणे यांपैकी काही दिसल्यास, वाट न पाहता १०८ वर फोन करावा. औषधांची यादी दोघांच्याही खिशात असावी.

तिसऱ्या दिवशी नेवाशाला जावे. प्रवरेकाठी, ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तिथे थोडा वेळ निवांत बसावे. जमल्यास सायंकाळी देवगडच्या दत्तमंदिरात जावे. न जमल्यास चौथा दिवस आहेच.