तंजावरला संशोधनाला निघण्याआधी

इतिहासात किंवा मराठीत एम.ए. झालेली आणि पीएच.डी.ला तंजावरचा विषय घेतलेली मुलं अधूनमधून विचारायला येतात. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा टिपून ठेवलेलं बरं.

*

‘तंजावर आपलंच आहे’ हा समज घरी ठेवून निघा. व्यंकोजीराजांनी 1676च्या सुमारास तिथं राज्य उभं केलं, 1855 साली ते संपलं. मधली पावणेदोनशे वर्षं गादी मराठ्यांची होती. गाव तेव्हाही तमिळच होतं. सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं आहेत, मोडी दप्तराचे रुमाल आहेत. पण ते काढून देणारा, तुमच्या अर्जावर सही करणारा आणि दुपारी तुम्हाला भात वाढणारा, तिघंही तमिळ बोलतात. आपण पाहुणे.

*

मोडी तिथं जाऊन शिकू म्हणाल तर पहिले काही महिने वाया गेले म्हणून समजा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग होतात, राज्याचं पुराभिलेख खातंही प्रशिक्षण देतं. शिकताना पेशवे दप्तरातल्या पत्रांवर हात बसतो, आणि तंजावरचा कागद समोर आला की तो अडखळतो. आधी पानभर आडवी रेघ, तिला लटकलेली अक्षरं, शब्द कुठे तुटतो त्याचा पत्ता नाही. इथवर ओळखीचं. मग भाताचं माप ‘कलम’मध्ये येतं, पैसा ‘चक्रम’ आणि ‘पणम’मध्ये, गावांची नावं तमिळ, मानकऱ्यांची तेलुगू. अक्षर लागतं, अर्थ लागत नाही. म्हणून मापं, नाणी आणि कावेरीकाठच्या गावांची नावं यांची यादी आधीच करून वहीत चिकटवा.

*

तारखांचं कोष्टकही सोबत हवं. सुहूर सनात 599 किंवा 600, फसलीत 590 किंवा 591 मिळवायचे, हे आपल्याकडे शिकवतात. तिथली गोम वेगळी. तमिळ महिने सौर, आपले चांद्र. त्यांचा ‘आडी’ म्हणजे आपला आषाढ असं धरलंत तर तारीख काही आठवडे सरकते. आडी जुलैच्या मध्यावर सुरू होतो. साठ संवत्सरांची नावं दोघांची एकच, पण आपलं वर्ष पाडव्याला बदलतं आणि त्यांचं एप्रिलच्या मध्याला. त्या मधल्या दिवसांतल्या कागदावर नुसतं संवत्सर असेल तर लिहिणारा कोणत्या पंचांगाने चालला होता ते आधी ठरवा.

*

जाण्यापूर्वी वाचायचं: के. आर. सुब्रमणियन यांचं तंजावरच्या मराठा राजांवरचं 1928चं इंग्रजी पुस्तक, आणि के. एम. वेंकटरामय्या यांचं तमिळ विद्यापीठाने छापलेलं, मराठा अमदानीतल्या कारभारावरचं. दुसरं खास वाचा. मोडी कागदांवर सर्वांत घसघशीत काम तमिळ अभ्यासकांनी केलंय, हे आपल्याकडच्या प्रबंधांत फारसं दिसत नाही.

*

कागदपत्रं. मार्गदर्शकाचं सही-शिक्क्याचं पत्र, दोन प्रती. तिकडच्या विद्यापीठात प्रवेश घेणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं; ते आपल्या विद्यापीठातून निघायला वेळ लागतो, निकाल लागताच अर्ज टाका. आणि नावाचं बघा. तिकडे आडनाव नसतं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावतात. फॉर्मवर ‘इनिशियल’ विचारतील तेव्हा उत्साहाने नवीन नाव तयार करू नका. आधार आणि गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच सगळीकडे, नाहीतर शिष्यवृत्ती बँकेत अडकते.

*

प्रवास. मुंबईची गाडी बहुधा चेन्नई सेंट्रलला सोडते, तंजावरच्या गाड्या एग्मोर किंवा तांबरमहून निघतात. तिकिटावरचं स्टेशन नीट वाचा आणि दोन गाड्यांत भरपूर वेळ ठेवा. वेळ उरलाच तर एग्मोरलाच तमिळनाडूचं अभिलेखागार आहे. तंजावरच्या रेसिडेंटचा कंपनीशी चाललेला इंग्रजी पत्रव्यवहार तिथे बघायला मिळतो. विमानाने जाणाऱ्यांना तिरुचिरापल्ली जवळ.

*

पाऊस. जूनमध्ये छत्री, रेनकोट घेऊन उतरलात तर उन्हात हसं होईल. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. वादळंही तेव्हाच, नोव्हेंबर 2018च्या गजा वादळाने त्या पट्ट्यातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या. नोंदींचं मुख्य काम जून ते सप्टेंबरात उरकलेलं बरं. जानेवारीच्या मध्याला पोंगलचे दिवस सुट्टीत जातात. आठवड्याची सुट्टी रविवारीच असेल असं धरू नका, फोन करून विचारा.

*

तमिळ अक्षरं महिन्याभरात येतात. बसची पाटी वाचता आली की निम्मं गाव आपलं. जुना स्टँड आणि नवा स्टँड वेगळे आहेत, कुठल्या स्टँडला जायचं ते बसताना विचारा. हिंदीने सुरुवात करू नका. मोडकं तमिळ चालतं. दुकानदाराला अण्णा, मावशीच्या वयाच्या बाईंना अक्का किंवा अम्मा. मुलींसाठी: साध्या नगरबसमध्ये बायकांना 2021पासून तिकीट नाही.

*

मेसमध्ये तिन्ही त्रिकाळ तांदूळ: इडली, भात, डोसा. पोळीशिवाय जमत नसेल तर तवा न्या, कुढत बसू नका.

*

पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाची परवानगी आली नाही तर मोठ्या देवळात जा. भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसल्यांच्या घराण्याचा मराठी लेख आहे, बाळबोध लिपीत. वाचायला सोपा, मजकूर भरपूर. ओरत्तनाडला सरफोजीराजांनी मुक्तांबाच्या नावाने बांधलेलं छत्र, म्हणजे राहण्या-जेवण्याची धर्मशाळा, तेही बघून या. परगावच्या मुलांच्या शिकण्या-जेवण्याची सोय हा प्रश्न त्या काळच्या कागदांत सापडतो, आणि तो वाचायला मेसच्या रांगेत उभा राहिलेला विद्यार्थीच बरा.

*

तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. त्यांचं मराठी वेगळं, तमिळ वळणाचं. ते दुरुस्त करू नका आणि ‘किती गोड’ असंही म्हणू नका. जेवायला बोलावलं तर जा, वही खोलीवर ठेवून.