कोरडा तलाव पास, भरलेला नापास

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांची मागणी साधी होती. जलसंधारणावर लिहा, सोपं लिहा आणि सोबत कामाच्या आधीचे-नंतरचे चारदोन फोटो पाठवा, वाचकांना लगेच कळतं. लेख पाठवते आहे, फोटो पाठवत नाही. हे मी हट्टाने म्हणते आहे असं त्यांना वाटलं असणार, आणि ते खोटंही नाही.

मी भूजलशास्त्राची माणूस. बंधारे कुणी बांधले, चर कुणी खोदले, याच्याशी माझा संबंध कमी. ती कामं होऊन गेल्यावर जमिनीखालच्या पाण्यात फरक पडला का, हे तपासायला मला बोलावतात. सरकारी भाषेत त्याला त्रयस्थ मूल्यमापन म्हणतात. फाइल हातात येते तिच्या पहिल्या पानावर दोन फोटो असतातच. डावीकडे भेगाळलेला नाला, उजवीकडे काठोकाठ पाणी आणि पाण्यात उतरलेलं आभाळ. दोन्ही फोटो खरे असतात. फक्त डावीकडचा मे महिन्यातला असतो आणि उजवीकडचा सप्टेंबर-ऑक्टोबरातला. मधल्या काळात बंधारा झालेला असतो, तसाच पावसाळाही झालेला असतो. श्रेय मात्र बंधाऱ्याला जातं.

मराठवाड्यातल्या २०१५-१६ च्या फाइली काढून बघा. २०१५ चा पावसाळा कोरडा गेला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण भरलं. त्या वर्षी नाल्याकाठी नुसता मांडव घालून ठेवला असता, तरी मांडवाच्या आधीचा आणि नंतरचा फोटो तितकाच बोलका आला असता. २०१८ आणि २०१९ ची जोडीही तशीच. दुष्काळी वर्षाच्या उन्हाळ्यात पहिला फोटो आणि चांगल्या वर्षाच्या दिवाळीत दुसरा. या सूत्राने कुठलीही योजना यशस्वी ठरते. उलट चांगल्या वर्षात काम केलं आणि पुढचं वर्ष अवर्षणाचं निघालं, तर उत्तम कामाचाही फोटो रडका येतो. तो फोटो मग फाइलीला लागतच नाही.

हातचलाखीबद्दल थोडं सांगते, कारण लोकांना त्यातच जास्त रस असतो. एका फाइलीतले दोन फोटो मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. 'आधी'मध्ये कोरडा दगडगोट्यांचा नाला, 'नंतर'मध्ये तुडुंब पाणी. दोन्हींत एकच वाकडी बाभूळ. पण पहिल्या फोटोत ती डाव्या हाताला, दुसऱ्यात उजव्या. सावल्या पाहिल्या, दोन्हींत तितक्याच लांब आणि एकाच काठाकडे पडलेल्या. बाभळीला अडकलेली निळी पिशवीसुद्धा तीच. बंधाऱ्यावर एकदा खालच्या अंगाला तोंड करून फोटो काढला होता, मग तिथेच वळून वरच्या अंगाचा. दिवसही एक आणि बहुधा मिनिटही एकच.

यावर उपाय म्हणून जिओ टॅगिंग आलं. रोजगार हमीच्या कामांना २०१७ पासून तीन टप्प्यांचे फोटो लागतात: काम सुरू होण्यापूर्वी, काम चालू असताना, काम पूर्ण झाल्यावर. चांगली गोष्ट आहे. कागदावरच्या विहिरी आणि न झालेले बांध त्यामुळे पकडता येतात. पण अक्षांश-रेखांश फक्त जागा सांगतात. कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं ते या नोंदीत नसतं. फोनची जागा पाच-दहा मीटर इकडेतिकडे होते, दरीत त्याहून जास्त. आणि तो फोटो कृषी सहायकाकडून तालुक्याला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून गेला, की त्याच्या पोटातली जागेची माहिती गळून पडते. उरतो तो कोपऱ्यात छापलेला पत्ता.

हे सगळं सुधारता येईल. माझं खरं भांडण वेगळं आहे. फोटो प्रामाणिक असला, तरी पाण्याच्या कामात तो बहुतेक वेळा उलटं सांगतो.

पाझर तलाव घ्या. नावातच पाझर आहे. त्याने पाणी साठवायचं नसतं, जमिनीत मुरवायचं असतं. झाडाच्या आळ्यात ओतलेलं पाणी दुसऱ्या दिवशी तसंच साचलेलं दिसलं, तर आपण खूश होतो का? पाझर तलाव फेब्रुवारी-मार्चपर्यंत रिकामा झाला, तर तो पास. एप्रिलमध्येही त्यात निळंशार पाणी डुलत असेल, तर तळाशी गाळ बसून पाझर बंद झाला आहे किंवा खाली काळा पाषाण आहे आणि जागाच चुकली आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची रोज साधारण एक सेंटीमीटर वाफ होते. म्हणजे तो सुंदर तलाव दर महिन्याला फूटभर पाणी उन्हाला देतो. पण फोटो कुणाचा लागतो? त्याचाच. कोरडा पडलेला कामसू तलाव 'आधी'च्या रकान्यात शोभतो.

इथे थोडं खडकात शिरावं लागेल. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. वरचा झिजलेला मुरूम पाणी धरतो, मधले सच्छिद्र आणि भेगाळलेले थरही धरतात, एकसंध पाषाण धरत नाही. धरून धरून किती, तर शंभर लिटर झिजलेल्या खडकातून हाती येतं एक ते तीन लिटर. एवढी छोटी तिजोरी. पण तिचा फायदा असा, की थोडं मुरलं तरी पातळी खूप वर येते. दोन टक्क्यांच्या हिशेबाने दहा मिलिमीटर पाणी मुरलं, की विहीर अर्धा मीटर चढते. हा अर्धा मीटर कॅमेऱ्याला दिसत नाही.

आता नाला खोलीकरण. गाळ काढणं वेगळं आणि मुरूम फोडणं वेगळं, हे मी सांगून थकले. गाळ काढला तर पाझर मोकळा होतो, त्याला कुणाची ना नाही. पण पोकलेन लावून नाला खाली मुरमात आणि त्याखाली पाषाणापर्यंत उतरवला, की दोन्ही काठांच्या मुरमातलं पाणी झिरपून नाल्यात येतं. जे पाणी सावलीत, जमिनीखाली, शेजारच्या विहिरीसाठी राखून ठेवलेलं होतं, ते उघड्यावर येतं आणि दिसतं. दिसतं म्हणून टाळ्या पडतात. शेजारच्या विहिरीची पातळी हिवाळ्यातच उतरली, हे त्या शेतकऱ्याला कळतं, पण तो बोलला तर गावाच्या कामात खोडा घातल्यासारखं होतं. सगळीकडे असंच होतं असं मी म्हणत नाही. थराची जाडी, उतार, पाण्याची पातळी पाहून काही ठिकाणी खोलीकरण चालतं. पण ते पाहायला भूजलशास्त्रज्ञ लागतो आणि पोकलेन त्याच्याआधी पोचलेला असतो.

प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं तर फोटोचं लाडकं बाळ. पाणी साठलं, असं लोक म्हणतात. अहो, ते विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून वर आणून ठेवलेलं पाणी असतं अनेकदा. बागेला ते लागतं, हे मान्य. पण त्याला पुनर्भरण म्हणू नका. उपग्रहाच्या चित्रांचंही तेच. हिरवा रंग वाढला म्हणजे पाणी वाढलं असं नव्हे, उसासाठी उपसा वाढला असंही असू शकतं.

म्हणूनच एक गाव माझ्या डोक्यातून जात नाही. नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माथा ते पायथा पद्धतीने काम केलं. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग घळींमध्ये दगडी बांध, मग बांधबंदिस्ती, शेवटी एकच सिमेंट बंधारा. यंत्र फार थोडं वापरलं. फोटोत काय दिसतं? आधी माळ, नंतर माळ. फार तर थोडं गवत. पुढच्या वर्षी पाऊस सरासरीपेक्षा कमी झाला आणि तरीही मे महिन्यात त्यांच्या विहिरींत पाणी होतं. शेजारच्या, तशाच खडकाच्या आणि तेवढ्याच पावसाच्या गावात टँकर सुरू होता. माझ्या अहवालात हे आकड्यांसकट होतं. निवड समितीचा शेरा आला: 'दृश्य परिणाम समाधानकारक नाही.' निधी गेला तो रुंद केलेल्या नाल्याला, ज्याचा फोटो ड्रोनने काढला होता. समितीतली माणसं वाईट नव्हती. त्यांच्यासमोर अर्ध्या दिवसात निकाल लावायच्या फाइलींचा ढीग होता आणि फोटो पाहायला दोन सेकंद पुरतात. ते मला कळतं, आणि कळूनही संताप जात नाही.

फोटोने परिणाम दाखवताच येत नाही, असं नाही. केनियाच्या मचाकोस भागात १९३७ साली धुपलेल्या डोंगरउतारांचे फोटो काढले गेले होते. १९९०-९१ च्या सुमारास अभ्यासक त्याच जागी उभे राहिले आणि तेच उतार पुन्हा टिपले. मधल्या काळात लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली, तरी उजाड उतारांवर मजगीची शेती आणि झाडं उभी राहिली होती. ते फोटो पटतात, कारण मध्ये पन्नासहून अधिक वर्षं आहेत. एखाद्या पावसाळ्याची करामत म्हणून ते उडवून लावता येत नाहीत. शिवाय फोटोंसोबत पावसाच्या, पिकांच्या, जमिनीच्या नोंदी होत्या. अशा कामात क्षितिजाची रेषा जुळवावी लागते, जवळचा दगड आणि लांबचं शिखर यांचं अंतर जुळवावं लागतं, महिना आणि शक्य तर तासही तोच धरावा लागतो. कंटाळवाणं काम आहे. मला ते फार आवडतं.

आपल्याकडे माझं हत्यार म्हणजे फीत. विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची खूण करायची, दरवेळी तिथूनच मोजायचं, सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये अशाच मोजते. ही नोंद शेजारच्या, काम न झालेल्या गावाच्या विहिरीशी आणि महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहायची. मगच म्हणायचं, फरक पडला किंवा नाही. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक खर्च झाल्यानंतर २०२० मध्ये कॅगने म्हटलं, की भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा प्रभाव अल्प दिसतो. त्यावर राजकारण झालं, आरोप झाले, उत्तरं आली. गावोगावच्या मे महिन्याच्या नोंदी फाइलीत असत्या, तर निम्मा वाद तिथेच मिटला असता.

आणि काही गोष्टींचा फोटो निघतच नाही. हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवलं, पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरवली. न घेतलेल्या बोअरचा 'नंतर'चा फोटो कसा काढणार? देणगीदार मात्र, पुण्या-मुंबईचे असोत वा परदेशातल्या मराठी मंडळांतले, मला विचारतात, 'मॅडम, काही व्हिज्युअल आहे का?'

तर तुम्हाला एक विनंती. दिवाळीला गावी गेलात की बंधाऱ्यावर फोटो काढालच. काढा. पण कुठे उभे होतात तिथे दगडावर खूण करा, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी तिथेच उभं करून पुन्हा काढायला सांगा. चांगल्या पावसाच्या वर्षी नको, तुटीच्या वर्षी. त्या दिवशी बंधाऱ्याखालच्या दोन विहिरींत डोकावून किती हात पाणी आहे, तेही लिहून घ्या. आणि घरच्या जुन्या अल्बममध्ये लग्नाच्या वरातीमागे, शाळेच्या सहलीमागे, गावची नदी किंवा डोंगर दिसत असेल, तर तो फोटो फेकू नका. आजी-आजोबा सांगू शकतात तोवर त्याच्या मागच्या बाजूला ठिकाण, साल आणि महिना लिहून ठेवा. महिना आठवत नसेल, तर लग्न पावसाळ्यापूर्वीचं की नंतरचं, एवढं तरी.