सात नंबरच्या आयर्नवरच्या खुणा

माझा हँडिकॅप 28 आहे. म्हणजे पार 72 च्या कोर्सवर चांगल्या दिवशी मी शंभराच्या आसपास फटक्यांत अठरा होल पुरे करते. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत हँडिकॅप 54 पर्यंत धरला जातो, त्यामुळे गोल्फमध्ये माझ्यासारख्यांना हक्काची जागा आहे. दुकानात मात्र आयर्न घ्यायला गेलं की आपल्याला दाखवतात ते आपला सर्वोत्तम फटका किती लांब गेला, एवढंच. मला आयर्न हवी होती ती माझ्या रोजच्या फटक्यांसाठी.

पन्नाशीनंतर मी येरवड्याच्या कोर्सवर खेळायला लागले ती नणंदेच्या सेटवर. तो बायकांसाठीचा तयार सेट होता. हलक्या ग्रॅफाइट शाफ्टचा, आणि पुरुषांच्या क्लबपेक्षा सुमारे इंचभर आखूड. नणंद सव्वापाच फूट, मी पाच फूट आठ इंच. याकडे ना तिचं लक्ष गेलं ना माझं. गेलं ते कॅडीचं. एका सकाळी त्याने क्लब पुसता पुसता थांबून सात नंबर माझ्यासमोर धरला. म्हणाला, "मॅडम, हे बघा, चेंडू मधे लागतच नाही. खाली लागतो, टोकाकडे लागतो." चकाकी गेलेला डाग खरंच तिथेच होता. इतका नेमका सल्ला मला तोवर कोणी दिला नव्हता. कॅडी मंडळी दिवसभर दुसऱ्यांचे फटके बघतात, त्यांच्या नजरेला मी फार मानते.

मग मी पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे क्लबच्या तोंडावर मारला आणि रेंजवर चेंडू मारत बसले. पांढऱ्या थरावर चेंडूची गोल खूण स्वच्छ उमटते. प्रत्येक फटक्यानंतर पुसायचं, पुन्हा स्प्रे मारायचा. एखादी खूण मधोमध, बाकीचा सगळा पुंजका खाली आणि टोकाकडे.

अशा फटक्यांवर उपाय शोधणारा माणूस होता कार्स्टन सोलहाइम. जनरल इलेक्ट्रिकमधला हा इंजिनिअर चाळिशी ओलांडल्यावर गोल्फ शिकला. 1959 मध्ये त्याने पिंग या नावाने पटर विकायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं असं, की वजन मधोमध एकवटलं तर टोकाला चेंडू लागताच डोकं पिळवटतं. तेच वजन कडांना वाटलं तर डोकं कमी फिरतं, आणि चेंडू थोडाच आखूड, थोडाच वाकडा जातो. आयर्नची पाठ पोखरून वजन कडेला नेलं की कॅव्हिटी बॅक तयार होतो. पिंगचं 1982 चं आय टू हे आयर्न याच विचारावर गाजलं. पातळ, देखणी ब्लेड आयर्न टीव्हीवर पाहून मलाही हवीशी वाटतात, पण त्यांचा गुण मधोमध चेंडू लागणाऱ्यांना मिळतो. माझ्या खुणांचा पुंजका पाहिल्यावर तो विषय संपला.

पहिल्या दुकानात सिम्युलेटरवर नवा सात नंबर हातात दिला आणि पडद्यावर पंधरा यार्ड जास्त उमटले. विक्रेता खूश. मी लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा कल, विचारला. 29 अंश! माझ्या जुन्या सात नंबरचा 34. पाच अंशांचा फरक म्हणजे सात आकडा कोरलेला जवळजवळ सहा नंबरच. जोरात स्विंग करणाऱ्याला हे चालतं, कारण आजच्या आयर्नमध्ये वजन खाली असल्यामुळे त्याचा चेंडू तरीही उंच जातो. माझ्या वेगाला तो बुटका उडत होता. ग्रीनवर पडून पलीकडे बंकरमध्ये जाणारा चेंडू लांब गेला म्हणून मला काय उपयोग? शिवाय अशा सेटमध्ये पिचिंग वेज 43 अंशांचा असतो आणि बहुतेकांचा सँड वेज 56 चा. मधली तेरा अंशांची दरी भरायला आणखी एक वेज घ्यावा लागतो. चौदा क्लबांची मर्यादा आहे, हे विकणाऱ्याने नाही तरी घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

दुसरीकडे क्लब बसवून देणारा एक तरुण भेटला. त्याने आधी माझं मनगट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं, मग खुणांचे फोटो मागितले. आखूड क्लब उंच माणसाच्या हातात चेंडूपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून खूण खाली आणि टोकाकडे, असं त्याचं निदान. त्याने पुरुषांच्या लांबीचा, पण हलका आणि मऊ, ज्येष्ठांसाठी असतो तसा ग्रॅफाइट शाफ्ट दिला. चेंडूवर मार्करने उभी रेघ काढली. फटक्यानंतर ती रेघ क्लबच्या तोंडावर सरळ उभी उमटली, म्हणजे क्लबचा जमिनीशी कोनही जुळला. स्प्रे मारून पाहिलं, तर पुंजका मधे सरकला होता. माझा स्विंग कालचाच होता. मला त्या क्षणी फार आनंद झाला. बाई म्हटल्यावर न मोजता बायकांचा सेट पुढे करण्याची पद्धत बंद व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तळाच्या रुंदीवर मी बराच वेळ घालवला. पावसाळ्यात आपली जमीन मऊ असते, तेव्हा रुंद तळाचं आयर्न रुतत नाही. मे महिन्यातल्या टणक जमिनीवर मात्र फार रुंद तळ उसळतो आणि चेंडूच्या डोक्यावर बसतो. मी मध्यम रुंदीचा घेतला. सात नंबर 32 अंशांचा. सेट सहा नंबरपासून सुरू, चार आणि पाचच्या जागी हायब्रिड. हँडिकॅप मोठा असणाऱ्याने लांब आयर्न बॅगेत ठेवू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

तुम्ही आयर्न घेणार असाल, तर आधी आपल्या जुन्या सात नंबरवर स्प्रे मारा, खुणांचे फोटो काढा आणि ते घेऊनच दुकानात जा. यार्ड ऐकण्याआधी लॉफ्ट विचारा. आणि कॅडी काही सांगत असेल, तर ते नीट ऐका.