एकतीस मेची गर्दी

फोन आला तेव्हा रविवारची दुपार होती आणि मी नुकताच ताटावरून उठलो होतो.

"अरे, तुझ्या त्या नव्या यादीत माझं नाव नाही," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मागच्या वर्षी विचारलं तेव्हा सांगितलंत, तुमची पंचाहत्तरी पुढच्या वर्षात येते. आता पुढचं वर्ष आलं, तर त्यातही मी नाही. मग मी मधल्यामध्ये गेलो कुठे?"

आमच्या मंडळात दर १ मेला, महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात, त्या वर्षात ७५ आणि ८० पूर्ण करणाऱ्या सभासदांचा सत्कार होतो. (इथे बडोद्यात त्याच दिवशी गुजरातचाही स्थापना दिवस असतो, त्यामुळे सभागृह मिळवण्यापासून मारामारी.) शाल, श्रीफळ आणि एक फोटो. बाहेरच्याला किरकोळ वाटेल, पण ज्यांची मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा अमेरिकेत आहेत, ती माणसं त्या फोटोची वर्षभर वाट बघतात. मंडळाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. काकांचा जन्म १ एप्रिल १९४९. 'एप्रिल फूल' म्हणून जन्मभर चिडवून घेतलेला माणूस. त्यांना स्वतःची तारीख चुकीची आठवत असण्याची शक्यता शून्य.

आणि यादी माझी होती. मंडळाच्या कार्यालयात वीसेक वर्षांपूर्वीचा एक प्रोग्रॅम होता, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला, खाली अ‍ॅक्सेसचा डेटाबेस. एकाच कॉम्प्युटरवर चालायचा आणि तो कॉम्प्युटर रुसला की सगळं मंडळ बंद. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो सगळा वेबवर आणला. साडेआठशे सभासद, घरबसल्या वर्गणी, वाढदिवसाला आपोआप शुभेच्छांचा मेसेज. कौतुक झालं, माझाही सत्कार झाला. तपासलं मात्र कोणीच नाही. त्यात मीही आलो.

लॅपटॉप उघडला आणि काकांचं आडनाव शोधलं. सापडलं नाही. पोटात खड्डा पडला. म्हणजे डेटा आणताना माणसंच गळाली की काय? पुन्हा शोधलं, नाही. शेवटी कार्यालयातून त्यांचा सभासद क्रमांक मागवला, तो टाकला, तर काका साक्षात समोर. नाव तेच, आडनाव तेच, पत्ता तोच.

काकांच्या आडनावात 'ऱ्ह' आहे, कऱ्हाडे किंवा गोऱ्हे यांच्यासारखा. हा आपला मराठीचा खास अर्धा र, आणि तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर (त्याचा क्रमांक ०९३१) आणि त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कॉम्प्युटर मात्र अक्षरं बघत नाही, क्रमांक बघतो, आणि त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी आडनावं. जुना प्रोग्रॅम इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फाँटवर चालायचा. तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना माझ्या कन्व्हर्टरने दुसरा प्रकार वापरला होता आणि माझा कीबोर्ड पहिला देतो. युनिकोडचं प्रमाणीकरण करणारं तयार फंक्शन असतं, पण ते या दोघांना एक मानत नाही. त्यासाठी आपला स्वतःचा नियम लिहावा लागतो. मी तो लिहिला आणि पुढे निघालो. मंडळातले तमाम ऱ्हवाले पाच महिने शोधात सापडत नव्हते आणि एकानेही तक्रार केली नव्हती, हे मात्र मनात राहिलं.

काकांच्या नोंदीत जन्मतारीख होती ३१ मार्च १९४९.

एका दिवसाने मागे. आता गंमत बघा. ३१ मार्चला ७५ पूर्ण म्हणजे ते मागच्या वर्षात गेले. मागच्या वर्षीची यादी निघाली जुन्या प्रोग्रॅममधून, तिथे त्यांची तारीख बरोबर होती, म्हणून तेव्हा ते पुढच्या वर्षात होते. दोन्ही यादी आपापल्या जागी चोख. काका दोन्हीच्या फटीत.

पहिला संशय नेहमीच्या गुन्हेगारावर गेला. आपण आधी दिवस लिहितो, अमेरिकन पद्धतीत आधी महिना. एक्सेलच्या सेटिंगमुळे तारखा अशा उलटण्याचा अनुभव प्रत्येकाला असतो. पण तसं असतं तर १ एप्रिलचं ४ जानेवारी झालं असतं, ३१ मार्च नाही. तो संशयित सुटला. मग वाटलं, एखाद्याने टाइप करताना चूक केली असेल, हातानेच दुरुस्त करून टाकावं. खरं सांगतो, माउस तिथपर्यंत गेला होता. रविवार होता, झोप येत होती.

थांबवलं ते १ जूनने. आपल्या जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं किती असतात हे तुमच्या आजी-आजोबांच्या कागदपत्रांत बघा. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नसायची, मग मास्तर शाळा सुरू व्हायच्या हिशोबाने १ जून ठोकून द्यायचे. आमच्या मंडळात त्यावरून नेहमी विनोद होतात. मी म्हटलं, बघू तरी, आणि दिवसवार किती सभासद ते मोजलं. १ जूनला दोन. ३१ मेला त्रेचाळीस.

म्हणजे एकट्या काकांचं नव्हतं. सगळं मंडळ एका दिवसाने मागे सरकलं होतं. शुभेच्छांचे मेसेजही पाच महिने आदल्या दिवशीच जात होते आणि लोकांना वाटत होतं, मंडळ किती तत्पर! एका काकूंनी तर 'सगळ्यांच्या आधी तुमची आठवण आली' असं कौतुकाने कळवलं होतं. तो मेसेज मी तेव्हा घरी सगळ्यांना दाखवला होता.

आता कारण. जावास्क्रिप्टमध्ये तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा चौकोन नसतो, तो काळातला एक क्षण असतो: १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, मोजलेल्या मिलिसेकंदांचा आकडा. मी १ एप्रिल १९४९ दिलं की तो धरतो १ एप्रिलची मध्यरात्र, ज्या कॉम्प्युटरवर काम चाललंय त्याच्या घड्याळाची. माझ्या लॅपटॉपचं घड्याळ भारताचं, जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा जागतिक वेळेत आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. साठवताना मी ज्या फंक्शनने मजकूर बनवला ते जागतिक वेळ लिहितं. डेटाबेसमध्ये खरोखर लिहिलेलं होतं: १९४९-०३-३१, १८:३०. आणि यादी छापताना मी शहाण्यासारखी पहिली दहा अक्षरं कापून तीच तारीख म्हणून दाखवत होतो.

मग चाचणीत हे का दिसलं नाही? कारण चाचणी मी वेबवरच्या फॉर्ममधून केली होती. तो फॉर्म चालतो सर्व्हरवर आणि सर्व्हरचं घड्याळच जागतिक वेळेवर असतं. तिथे मध्यरात्र ती मध्यरात्र, काही सरकत नाही. जुना डेटा मात्र मी एकदाच, घरच्या लॅपटॉपवरून चढवला होता. तोच कोड, तेच फंक्शन, दोन घड्याळं. 'माझ्याकडे तर चालतंय' हे आमच्या धंद्यातलं सर्वांत बदनाम वाक्य आहे. इथे ते उलटं लागू झालं, फक्त माझ्याकडेच चालत नव्हतं.

उपाय सोपा वाटला. डेटाबेसची प्रत काढली (मूळ डेटावर कधीच हात चालवू नका, हे मी एकदा फार महागात शिकलो आहे, ती गोष्ट पुन्हा कधीतरी) आणि प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवले. काका १ एप्रिलला परतले. फॉर्ममधून आलेल्यांच्या मध्यरात्रीत साडेपाच तास मिळवले तरी तारीख तीच राहते, त्यांनाही धक्का नाही. यादी पुन्हा काढली, काकांचं नाव आलं, सचिव काकूंना कळवलं. त्या म्हणाल्या, मला तर जुनीच दिसतेय. ब्राउझरने जुनं पान जपून ठेवलं होतं. कंट्रोल आणि एफ-५ एकदम दाबा म्हटलं, मग दिसली. काकांनाही फोन केला. "बरं झालं, सदरा इस्त्रीला टाकतो," म्हणाले.

रात्री झोपण्यापूर्वी, उगाच, तीच मोजणी पुन्हा चालवली. १ जूनला एक्केचाळीस. ३१ मेला चार.

शून्य यायला हवं होतं. चार का? चौघांची नावं काढली. एकाचा जन्म १९४३ चा, दोघांचा १९४४, एकाचा १९४५. १९४२ चे सगळे नीट १ जूनला आलेले, १९४६ चेही. मधलेच तेवढे अडकले होते. कच्ची नोंद उघडली तर तिथे १८:३० नव्हतं, १७:३० होतं.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. कोणी टाइप केलेला नव्हता, माझ्याच प्रोग्रॅमने काढलेला होता. शोधता शोधता उलगडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेसहा तास पुढे होती. जगातल्या प्रत्येक प्रदेशाने घड्याळं कधी पुढेमागे केली याची एक यादी कॉम्प्युटरमध्ये असते आणि ब्राउझर ती प्रामाणिकपणे पाळतो. १९४४ ची मध्यरात्र त्याने त्या वेळच्या घड्याळाने धरली. मी मिळवले साडेपाच, तर रात्रीचे अकराच वाजले. तारीख आदल्या दिवसाचीच राहिली.

त्या तीन वर्षांत जन्मलेले आणखी कोण, म्हणून यादी काढली. एकोणीस नावं निघाली. त्यात दांडिया बाजारच्या एक आजी होत्या. जन्म १ एप्रिल १९४४. म्हणजे यंदा ८० पूर्ण. काकांसारख्याच त्याही फटीत पडलेल्या, आणि माझ्या साडेपाच तासांनीही बाहेर न आलेल्या. त्यांचा फोन आला नव्हता.

मग ती साडेपाच तासांची मलमपट्टी काढून टाकली. जन्मतारखेला वेळ नसतेच. ती वर्ष, महिना, दिवस अशी साधी साठवायला हवी होती, मी उगाच तिला घड्याळात घातलं होतं. जुनी अ‍ॅक्सेसची फाइल अजून होती. तीतल्या तारखा पुन्हा वाचल्या आणि सभासद क्रमांकावरून जुळवल्या, नावावरून नाही (ऱ्हचा धडा ताजा होता). मग जुनी आणि नवी प्रत्येक ओळ एकमेकींशी ताडून पाहिली. फरक शून्य. १ जूनला पंचेचाळीस, ३१ मे रिकामा. पहाटेचे तीन वाजले होते, भारतीय प्रमाणवेळेनुसार.

आजींचं निमंत्रण मी स्वतः घेऊन गेलो. दुसरा मजला, दाराशी तुळस, आत टीव्ही मोठ्याने. यादी लागली तेव्हा नातवाने मोबाइलवर दाखवली होती म्हणाल्या. "नाव दिसलं नाही. वाटलं, ऐंशीवाल्यांचं बंद केलं असेल यंदा. खर्च किती वाढलेत."

विचारायला फोन का नाही केलात, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण गिळलं. चूक माझी होती असं सांगितलं आणि ती कशी झाली तेही, जमेल तसं. सर्व्हर वगैरे त्यांनी ऐकून सोडून दिलं. घड्याळ एक तास पुढे केलं होतं, हे ऐकल्यावर मात्र त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"आई सांगायची, दुपारचा गिरणीचा भोंगा झाला आणि तू झालीस," त्या म्हणाल्या. "आता तो भोंगा जुन्या घड्याळाचा की नव्या, ते तूच बघ तुझ्या कॉम्प्युटरमध्ये. आणि थांब, चहा टाकते."