पावशाशी भांडण

मेच्या अखेरीस पहाटे तीनला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला: कोणाच्या गाडीचा अलार्म वाजतोय, बंद करा. गाडी कोणाचीच नव्हती. मागच्या शिरीषावर पावशा बसला होता आणि पट्टी चढवत चढवत नेऊन मध्येच तोडत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या कानपूरकरांनी लिहिलं, पपीहा आहे, ‘पी कहाँ’ विचारतोय. बंगाली काकूंनी दुरुस्ती केली, ‘चोख गॅलो’ म्हणतोय, बिचाऱ्याचा डोळा गेलाय. इंग्रजांना यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला होता. आपला उन्हाळा सोसणाऱ्या साहेबाला दुसरं काय ऐकू येणार?

मला आबांचं भांडण ऐकू आलं. मृग लागायच्या आधी, अकोल्याकडच्या आमच्या शेतात, धुऱ्यावरच्या बाभळीवरून हा ‘पेर्ते व्हा’ सुरू करायचा. आबा तिफणीच्या चाड्याला सुतळी आवळत बसलेले. मान वर न करता म्हणायचे, “पेरतो न् बाप्पा! बियाणं काय तुह्या घरून आनू?” दर वर्षी हेच, आणि दर वर्षी आई आतून हसायची. बियाणं उधारीचं असायचं, हे मला फार नंतर कळलं.

पक्ष्यांनाही गावागावाची बोली असते, हे पीटर मार्लरनं 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात दाखवलं. डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या तिथल्या चिमण्या सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती जागोजागी निराळ्या हेलात गातात. पिल्लू पहिल्या काही आठवड्यांत आसपासच्या नरांचं ऐकतं, तोच हेल गळ्यात बसतो. पावशाला ही शाळा नाही. तो वाढतो सातभाईंच्या घरट्यात, त्यांनी भरवलेलं खात, त्यांचा दिवसभराचा कलकलाट ऐकत. आणि मोठा झाला की त्यातलं अक्षरही न उचलता स्वतःचंच ओरडतो. मला त्याचा हेवा वाटतो.

पुण्यातल्या कॉलेजात एका बाईंनी मला उभं करून ‘मी येऊन राहिलो’ पुन्हा म्हणायला लावलं होतं. वर्ग हसला. बाई फार प्रेमळ होत्या असं वर्गमित्र आजही सांगतात, सांगोत बापडे. दिवाळीपर्यंत मी ‘येतोय’ म्हणायला लागलो होतो. त्या सुटीत आबा एकदा मला ‘तुम्ही’ म्हणाले. ती गंमत होती, असं मी धरून चाललोय.

2020च्या टाळेबंदीत गोल्डन गेट पुलावरची वाहतूक 1954 सालाइतकी खाली आली. वाहनांच्या घरघरीवर मात करायला इतकी वर्षं आवाज चढवून गाणाऱ्या त्या चिमण्या तेव्हा हळू आवाजात, खालच्या पट्टीपर्यंत उतरून गायला लागल्या. लगेच, त्याच वसंतात. एवढ्या लवकर कसं जमलं असेल, असं मला वाटायचं.

मग परवा अकोला स्टेशनाबाहेर ऑटोवाल्यानं विचारलं, “कुठी जा लागते, काका?” मी ठिकाण सांगितलं. तो शंभर म्हणाला.

“शंभर? कायचे शंभर बे! सोनं लावलं काय ऑटोले?”

तो ऐंशीवर आला. मी सत्तर दिले.