चाल कुणाची?

आजोबांच्या फडताळात 'सौभद्र' नाटकातील पदांची एक जीर्ण पुस्तिका असे. पदाच्या शिरोभागी 'चाल' असे छापून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे आरंभीचे शब्द दिलेले असत. 1882 साली ते नाटक रंगभूमीवर आले तेव्हाच्या रसिकांना तेवढी खूण पुरत असेल. मला मात्र बालपणी ते कोडेच वाटे. आजोबा म्हणत, "ही उसनवारीची नोंद आहे, बाळ. उसने घेतलेले लपवू नये."

पुढे शाहिरी वाङ्मयाचा नाद लागला, तेव्हा प्रकारांची नावेही अशीच बोलकी असल्याचे उमगले : बालेघाटी लावणीत मुलूख बोलतो, बैठकीच्या आणि फडाच्या लावणीत गाण्याची जागा बोलते. पोलंडातही कुयावी प्रांतावरून कुयावियाक, क्राकूव्ह शहरावरून क्राकोवियाक आणि गरगर फिरण्यावरून ओबेरेक अशी नृत्यांची नावे पडली आहेत. पण तेथील खेड्यातला फिडलवादक एखाद्या धुनेचे नाव सांगताना बहुधा ज्याच्याकडून ती उचलली त्या जुन्या वादकाचेच नाव घेतो, असे वाचनात आले आणि ती पुस्तिका डोळ्यांपुढे उभी राहिली.

पुढे एकदा पानिपतजवळच्या काला अंबला गेलो, तो दिवस 14 जानेवारीचा होता. ज्या आम्रवृक्षावरून त्या स्थळाला नाव मिळाले तो केव्हाच नाहीसा झाला आहे. तेथे आता स्मारकस्तंभ आहे. बाहेर एक वृद्ध जोगी गजाच्या केसांवर राळेचा खडा घाशीत बसला होता. तो सारंगी वाजवू लागला, तेव्हा तारांना भिडणाऱ्या त्याच्या डाव्या हाताच्या नखांच्या मुळाशी वर्षानुवर्षांच्या घर्षणाने पडलेल्या खाचा मला स्पष्ट दिसल्या. धुनेचे नाव विचारताच तो म्हणाला, "या म्हारे ताऊ आळी तर्ज सै." म्हणजे, ही आमच्या थोरल्या चुलत्याची चाल. एवढे बोलून त्याने पुन्हा गज उचलला.

1761 साली याच दिवशी पानिपतावर झालेल्या संहाराची वार्ता पेशव्यांना ज्या सांकेतिक सावकारी पत्राने कळली, त्यात दोन मोती आणि सत्तावीस मोहरा मोजून दाखविल्या होत्या. बाकीचा खुर्दा मात्र अगणित ठरला होता. त्या खुर्द्यात कुणाकुणाचे चुलते होते, हे कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही. आजोबांची शिकवण त्या स्तंभाच्या सावलीत मला प्रथमच पुरती कळली; कारण कोणत्याही फर्दीत न चढलेला एक ताऊ त्या सारंगीवर, आपल्या चालीसह, नावानिशी रुजू होता.